“मामा, २४ घेऊ का ३२?”

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

तुमच्या दसऱ्याच्या खरेदी पुरवणीत गाड्या, टीव्ही, सोनं सगळं झाल्यावर शेवटच्या पानावर खाली कोपऱ्यात कॅमेऱ्यावर एक चौकट होती, बोटभर उंचीची, आणि त्यात लिहिलं होतं की डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) घेताना जास्तीत जास्त मेगापिक्सेलचा घ्यावा म्हणजे फोटो प्रोफेशनल येतात. बस, एवढंच. दसऱ्याच्या पुरवणीवर फेब्रुवारीत पत्र म्हणजे जरा अतीच झालं हे मलाही कळतंय, पण मधल्या काळात घरात जे झालं त्यामुळेच लिहायला बसलो, शिवाय आता पाडव्याची पुरवणी येईल आणि तीच चौकट तशीच उचलून परत लागेल अशी भीती वाटते.

झालं असं की माझ्या भाच्याने त्या चौकटीचा मोबाईलवर फोटो काढून मला व्हॉट्सॲपला टाकला आणि खाली विचारलं, “मामा, २४ घेऊ का ३२?” जसं काही अंड्यांचा ट्रे घ्यायचाय. मी त्याला उलट विचारलं, फोटो कशाचे काढणार? तर म्हणे, “सगळ्याचेच.” इथेच सगळा घोळ सुरू होतो बघा.

माझं सांगायचं तर मी ३१ वर्षं ऑफसेट छापखान्यात काढली, आता रिटायर आहे, पंचवटीत राहतो, आणि माझ्याकडे निकॉनचा डी ९० आहे, २००९ साली घेतलेला, १२ मेगापिक्सेलचा. त्यामुळे मेगापिक्सेलचं (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके) गणित मी छापखान्याच्या पद्धतीने करतो आणि ते फार सोपं आहे. माझ्या कॅमेऱ्यातला फोटो म्हणजे आडवे ४२८८ आणि उभे २८४८ ठिपके. चांगल्या आर्ट पेपरवर ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायचा म्हटलं तरी सव्वाचौदा बाय साडेनऊ इंच होतो, म्हणजे भिंतीवर लावायला मस्त. आणि तुमच्या न्यूजप्रिंटवर तर शाई पसरते म्हणून स्क्रीन, म्हणजे छपाईच्या ठिपक्यांची जाळी, जाडच ठेवतात, इंचाला शंभर लाइनच्या आसपास, आणि त्याच्या दुप्पट डीपीआय धरायचा हा आमचा जुना हिशोब, म्हणजे २०० ने भागा, २१ इंच आले. तुमच्या पेपरचं पान तरी एवढं रुंद आहे का? बरं २४ मेगापिक्सेल घेतला की फोटो दुप्पट मोठा होतो असंही नाही, त्याचे आडवे ठिपके होतात ६०००, म्हणजे रुंदीत दीडपटसुद्धा नाही. लग्नाच्या अल्बमचं १२ बाय १८ चं पान फुल भरायचं असेल, किंवा लांबचा पक्षी कापून मोठा करायचा असेल, तिथे २४ उपयोगी पडतात हे मान्य, मी आडमुठेपणा करत नाहीये. पण ज्याला फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचेत त्याने ३२ साठी जास्तीचे पैसे मोजायचे आणि मग व्हॉट्सॲपने ते दाबून बारीक करायचे, हे कशाला?

आपल्या नाशिककराला हे द्राक्षावरून पटकन कळेल. घडावर मणी जास्त ठेवले की मणी बारीक राहतात, म्हणून तर बागायतदार विरळणी करतो ना, मग फुगवण येते. कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी पट्टी, हा घड समजा आणि पिक्सेल म्हणजे मणी. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटर, आपल्या परवडणाऱ्या डीएसएलआरचा साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा, कॅननचा अजून किंचित लहान, आणि छोट्या कॅमेऱ्यांत तर सहा बाय साडेचार मिलिमीटर, करंगळीच्या नखापेक्षा लहान. त्या एवढ्याशा घडावर कोणी कितीही मणी कोंबले तरी संध्याकाळी दिवेलागणीला रामकुंडावर त्याचं काय होतं ते बघा, सगळा फोटो दाणेदार. तेव्हा मणी किती हे विचारायच्या आधी घड केवढा ते विचारा. चौकटीत हे एक वाक्य असतं तरी मी गप्प बसलो असतो.

तर भाचा. सातपूरला एमआयडीसीत आहे, रविवारी सुट्टी, आणि नुकतीच मुलगी झालेली. दोन-तीनदा खोदून विचारल्यावर सगळ्याचेचमधून दोन गोष्टी निघाल्या, एक मुलीचे फोटो आणि दुसरं म्हणजे नांदूरमध्यमेश्वरला जाऊन पक्षी. आता या दोन गोष्टींची तोंडं दोन दिशेला आहेत हो. मुलगी हातभर अंतरावर, पण घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात, आणि पक्षी भरपूर उन्हात पण अर्धा किलोमीटर लांब. कॅमेरा दोन्हीला एकच चालेल, लेन्स एकच चालणार नाही. म्हणून मी त्याला सांगितलं की जेवढे पैसे ठेवलेत त्याचे आधी दोन ढीग कर, बॉडीचा, म्हणजे लेन्सशिवाय नुसत्या कॅमेऱ्याचा, वेगळा आणि लेन्सचा वेगळा, आणि लेन्सचा ढीग लहान होत असेल तर बॉडी जुनी घे.

नांदूरमध्यमेश्वर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथलं धरण, गाळ साचून साचून त्याची पाणथळ झाली आणि २०२० मध्ये ती महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ, ठरली. थंडीत तिथे चक्रवाक, चमचे (चमच्यासारख्या चोचीचे), कधी रोहित, असे सगळे पक्षी येतात आणि त्यांच्या मागे कॅमेरेवाले. तिथे मनोऱ्यावर उभं राहून १८-५५ मिलिमीटरच्या, कॅमेऱ्यासोबतच मिळणाऱ्या किट लेन्सने पक्षी काढणाऱ्या पोरांची मला खरंच दया येते, कारण फोटोत पाणी येतं, आभाळ येतं आणि मधे तिळाएवढं काहीतरी, ते घरी येऊन सांगावं लागतं की हा चमचा आहे. तिथे निदान ३०० मिलिमीटर हवी, आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं. आपल्या लहान सेन्सरवर ती फुल फ्रेमवरच्या ४५० सारखी दिसते, कॅननवर ४८० सारखी, हा लहान सेन्सरचा फायदाच म्हणायचा. पण तीसुद्धा कमीच पडते, खऱ्या नादिष्ट लोकांकडे १५०-६०० असते, दोन किलोच्या आसपास वजन, आणि किंमत साध्या बॉडीपेक्षा जास्त. त्यात उडता पक्षी घ्यायचा तर शटर सेकंदाच्या एक हजारांशापेक्षा जलद पाहिजे आणि पहाटेच्या धुक्यात तेवढा उजेडच नसतो, मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, वाढवा, मग परत दाणे. ज्याला फक्त कुठला पक्षी दिसला याची नोंद ठेवायचीये त्याने डीएसएलआरच्या नादी न लागता निकॉन पी ९०० सारखा ब्रिज कॅमेरा, म्हणजे एकच न बदलणारी लेन्स असलेला, घेतला तरी भागतं, ८३ पट झूम आहे, घड लहान आहे पण उन्हात चालून जातं. दुकानदार हे सांगत नाही, त्यात त्याच्या लेन्स खपत नाहीत.

आणि ते ‘डबल झूम किट’ म्हणून जे देतात त्यातल्या मोठ्या लेन्सवरची अक्षरं वाचून घ्या. निकॉनची एएफ-पी ७०-३०० दोन प्रकारात निघाली, एकीवर व्हीआर लिहिलंय आणि एकीवर नाही, दिसायला जुळ्या बहिणी. व्हीआर म्हणजे हात हलला तरी सावरून घेणारी. कॅनन त्यालाच आयएस म्हणतं, टॅमरॉन व्हीसी, सिग्मा ओएस. ३०० ला हातात धरून बिगर-व्हीआरची लेन्स म्हणजे हललेल्या फोटोंची खाणच. अर्थात आपला हात सावरला म्हणून पक्षी थोडाच थांबतोय, त्याला शटरच लागतं.

आता मुलीचं. बारशाला मी भाच्याला माझी ५० मिलिमीटर एफ १.८ ची लेन्स देऊन टाकली, एएफ-डी म्हणतात ती, मी रामकुंडावर, देवळात, घरात कितीतरी वर्षं वापरलेली. त्याने तोवर माझं ऐकून सेकंडहँड डी ५६०० घेतला होता, सोबत १८-५५ आणि व्हीआरवाली ७०-३००. एफचा आकडा जेवढा लहान तेवढा उजेड जास्त; किट लेन्स घरात एफ ३.५ पासून सुरू होते आणि झूम केलं की ५.६ वर जाते, त्यापेक्षा १.८ म्हणजे कितीतरी जास्त उजेड आत, फ्लॅश मारून तान्ह्या पोरीचे डोळे दिपवायची गरज नाही. मी खुशीत. रात्री साडेदहाला फोन, “मामा, तुमची लेन्स बिघडलीय, फोकसच होत नाहीये.”

लेन्स बिघडली नव्हती, माझं डोकं बिघडलं होतं. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यांचं माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खाच, १९५९ पासून एकच, त्यामुळे जुनी लेन्स नव्या बॉडीवर टक्कन बसते, आणि बसली म्हणजे चालली असं आपल्याला वाटतं. पण एएफ-डी लेन्सच्या पोटात मोटर नसते, बॉडीतून एक बारीक स्क्रू बाहेर आलेला असतो, तो लेन्स फिरवतो. माझ्या डी ९० मध्ये ती मोटर आहे, डी ७००० च्या घरातल्या सगळ्यांत आहे, पण डी ३००० आणि डी ५००० च्या घरातल्या, म्हणजे डी ३५००, डी ५६०० वगैरे, यांत नाहीच, वजन आणि किंमत कमी करायला काढून टाकलीये. त्यांना एएफ-एस लिहिलेलीच लेन्स लागते, एएफ-पी त्यांतल्या नव्यांनाच चालते. हे मला माहीत होतं, म्हणजे कधीतरी वाचलेलं होतं, पण आयत्या वेळी आठवलं नाही. कॅननवाल्यांना हा ताप नाही, १९८७ ला ईएफ माउंट आणलं तेव्हाच त्यांनी मोटर लेन्समध्ये घातली, त्यापायी जुन्या लेन्सवाले त्यांच्यावर चिडलेही होते, पण पुढच्यांचं भलं झालं. घरात काकाची मामाची जुनी लेन्स पडून असेल आणि तिच्या भरवशावर बॉडी घ्यायची असेल तर दुकानातच लावून, शटर अर्धं दाबून बघा.

तरी भाच्याने काही दिवस रेटलं. हाताने रिंग फिरवायची, व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, खाली डावीकडे हिरवा ठिपका पेटला की फोकस बसला. पोरगी झोपलेली असायची तोवर ठीक होतं, ठिपका पेटेपर्यंत ती तिथेच. मग ती पालथी पडायला लागली, मग पुढे सरकायला लागली, आणि ठिपका पेटेपर्यंत फ्रेममध्ये नुसती दुपटी. शेवटी त्याने ३५ एफ १.८ ची डीएक्स, म्हणजे लहान सेन्सरसाठीची, लेन्स घेतली, एएफ-एस, आणि खरं तर लहान खोलीत ती ५० पेक्षा बरी, कारण ५० या सेन्सरवर ७५ सारखी वागते आणि मागे सरकता सरकता माणूस कपाटाला टेकतो. माझी लेन्स माझ्याकडे परत आली, बारशाचा आहेर परत घेणारा मी पहिलाच मामा असेन.

बाकीच्यांचं पटकन सांगतो. पावसाळ्यात सोमेश्वरला धबधब्याचं पाणी दुधासारखं पसरलेलं काढायचंय त्याला किट लेन्स भरपूर झाली, पैसे ट्रायपॉड आणि उजेड कमी करणाऱ्या एनडी फिल्टरला घाला, आणि ट्रायपॉड तो कॉम्बोमध्ये फुकट मिळतो तो नाही, तो पाण्याच्या आवाजानेसुद्धा हलतो. अंजनेरीवर रानफुलं काढणाऱ्यांना अगदी जवळून काढायची मॅक्रो लेन्स, नाहीतर सुरुवातीला लेन्सच्या मागे बसणारी एक्स्टेंशन ट्यूब, स्वस्तात काम होतं, फक्त फोटोच्या नादात बाजूची फुलं तुडवू नका, तिथलं कंदीलपुष्प असं आहे की त्याच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे. लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या असतील तर दोन कार्डांचा कॅमेरा घ्या, एक कार्ड गेलं तर नवरा-नवरी परत बोहल्यावर उभे राहणार नाहीत, आणि गंमत म्हणजे निकॉनच्या जुन्या डी ७२०० मध्ये दोन स्लॉट आहेत आणि त्याच्यानंतर आलेल्या डी ७५०० मध्ये एकच, म्हणजे नवं ते चांगलं हेही नेहमी खरं नाही. रंगपंचमीला तिवंध्याला किंवा शनी चौकात रहाडीच्या, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदाच्या, काठावर कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांना मी काही सांगू शकत नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीला भोक पाडून लेन्स बाहेर काढा आणि देवाचं नाव घ्या. व्हिडिओसाठी मात्र निकॉनचा परवडणारा डीएसएलआर नको, स्क्रीनवर बघून शूट करताना फोकस पुढे मागे शोधत बसतो. कॅननच्या ड्युअल पिक्सेल फोकसवाल्यांचं बरं आहे, २०० डी मार्क टू वगैरे, पण मुख्य काम व्हिडिओच असेल तर सरळ मिररलेस, म्हणजे आतला आरसा नसलेला कॅमेरा, बघा.

हो, मिररलेस. तुमच्या चौकटीत त्याचा उल्लेखच नव्हता. २०१८ ला निकॉनने झेड आणि कॅननने आर काढला आणि २०२० नंतर या दोघांनी नवी डीएसएलआर बॉडी आणलेली नाही, पेंटॅक्स तेवढं नेटाने काढतंय. मग डीएसएलआर घ्यायचा की नाही? माझं मत, नवा कोरा नको, जुना जरूर घ्या. आरशातून डोळ्याला खरा उजेड दिसतो, बॅटरी दिवसभर चालते, आणि लोक मिररलेसकडे पळाल्यामुळे चांगल्या लेन्स विकायला निघाल्यात. उद्या बदललात तर एएफ-एस लेन्स ॲडॉप्टर लावून निकॉन झेडवर फोकससकट चालतात, कॅननच्या ईएफ पण तशाच कॅनन आरवर चालतात. माझी एएफ-डी तिथेही फोकस करणार नाही, ते सोडा, तिचं नशीबच तसं.

जुना घेताना लाजायचं नाही. शटर किती वेळा पडलंय ते विचारा, निकॉनच्या फोटोफाइलमध्येच तो आकडा असतो, डी ९० सारख्यांचं शटर एक लाखाच्या हिशोबाने बनवलेलं, तेव्हा ऐंशी हजार झालेला कॅमेरा ‘घरगुती वापर’ म्हणून विकत असतील तर हसून निघून या. एफ १६ ला आभाळाचा फोटो काढा, काळे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. मी २०१५ च्या सिंहस्थात पर्वणीच्या गर्दीत लेन्स बदलायचा शहाणपणा केला होता, गोदाघाटाची ती धूळ पुढचे सहा महिने माझ्या प्रत्येक आभाळात होती. २०२७ साठी आता बरीच पोरं कॅमेरे घ्यायला निघालीत, त्यांना एकच सांगेन, १८-१०५ किंवा १८-१४० सारखी एक लेन्स लावा आणि घरी येईपर्यंत काढू नका. लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारून बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी, मग स्वस्त असली तरी नको. त्र्यंबक-इगतपुरीकडे राहणाऱ्यांनी तर पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकूनच ठेवायची, कपाटात साड्यांच्या घडीत नाही.

आणि हातात धरून बघा हो, ऑनलाइन स्वस्त मिळतो म्हणून डोळे झाकून मागवू नका. माझा पंजा मोठा, मला डी ३५०० धरला की करंगळी हवेत लटकते, माझ्या बहिणीला तोच एकदम फिट बसला. चष्मेवाल्यांनी व्ह्यूफाइंडरशेजारचं बारकं चाक फिरवून घ्यायचं. आमच्या मित्राने एक चांगला कॅमेरा धुरकट दिसतो म्हणून निम्म्या किमतीत देऊन टाकला आणि घेणाऱ्याने त्याच्यासमोर ते चाक दोन टिचक्या फिरवलं, झालं, स्वच्छ. तो मित्र अजून त्या माणसाला नमस्कार करत नाही.

तर पाडव्याच्या पुरवणीत ती चौकट दुरुस्त करा एवढी विनंती, मेगापिक्सेलच्या जागी ‘काय काढायचंय आणि कुठली लेन्स’ एवढं जरी लिहिलं तरी चालेल. सोबत जानेवारीत नांदूरमध्यमेश्वरला भाच्याबरोबर गेलो होतो तेव्हाचा चमच्याचा फोटो पाठवतोय, भाच्याचीच ७०-३०० मागून घेतली, पण माझ्या डी ९० ला त्या एएफ-पी लेन्सचा फोकस चालत नाही हे तिथे पोचल्यावर कळलं, म्हणजे परत तेच, या वेळेला उलट्या बाजूने, मग भाच्याचा कॅमेरा घेऊन दोन-चार काढले आणि नंतर एका ओळखीच्यांनी त्यांची एएफ-एस ३०० दिली तिच्यावर माझ्या डी ९० ने हा काढला. १२ मेगापिक्सेलचा आहे. छापायचा असेल तर पानाच्या पूर्ण रुंदीत छापा, पुरून उरेल.

आपला,
एक जुना वाचक,
पंचवटी, नाशिक